दुप्पटरावांचा सांधा

दुप्पटरावांनी घरात पुस्तकांसाठी एक फळी लावली होती. पुस्तकं मोजकीच, त्यातली निम्मी बायकोने कुणाकुणाकडून वाचायला आणलेली; पण फळीखालचे लोखंडी कोन असे, की वर म्हैस चढवली असती तरी तिने निवांत रवंथ केलं असतं. भिंतीत मारलेले स्क्रू इतके लांब, की शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाई एक दिवस दारात येऊन म्हणाल्या, "आमच्या कपाटामागे भिंतीतून काहीतरी डोकावतंय, ते तुमचं का?" दुप्पटरावांनी मनापासून माफी मागितली, त्यांच्या घरी जाऊन त्या टोकांवर पलीकडून नट आवळून दिले, आणि परत येऊन बायकोला सांगितलं की आता फळी दोन्ही बाजूंनी पक्की झाली.

खरं नाव त्यांना होतं, पण ते पगाराच्या पाकिटावरच उरलं होतं. कारखान्यात सगळे त्यांना दुप्पटराव म्हणत, आणि या नावात कुणाचा खवचटपणा नव्हता, निव्वळ वस्तुस्थिती होती. रस्ता संपतो तिथून पुढे जाणाऱ्या गाड्या तो कारखाना बनवायचा. जंगलखात्याची माणसं, खाणी शोधणारे, डोंगरात अडकलेल्यांना काढणारी पथकं असली गिऱ्हाइकं. अशा गाडीचा एखादा भाग आखताना त्याच्यावर किती जोर येईल याचा हिशेब करायचा आणि मग तो दीडपट धरायचा, असा तिथला रिवाज होता. दुप्पटराव तो दुप्पट धरायचे. शिवाय आलेल्या उत्तरावर "असू दे" म्हणून हाताने थोडं वर घालायचे, भाजीवाला वजन झाल्यावर मूठभर कोथिंबीर टाकतो तसं.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि तिची जीभ तिच्या भिंगांइतकीच स्वच्छ होती. "यांना सगळी संकटं लांबूनच दिसतात," ती पाहुण्यांना सांगायची. "जवळ ठेवलेला चहा मात्र दिसत नाही. तो गार होतो." दुप्पटराव यावर हसायचे आणि गार चहा प्यायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईने आपल्या काळजीवर कधी काळजी केली नाही, फक्त विनोद केले, याचं त्यांना कधीकधी वाईट वाटायचं. बोलून दाखवायचे नाहीत. घरात एकाने हसायचं आणि एकाने कुलूप ओढून बघायचं अशी वाटणी कधीतरी आपोआप होऊन गेली होती.

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे छोटी म्हणत, आणि ती बापापेक्षा डोकंभर उंच होती. शिकली बापाचाच विषय, त्याच कारखान्यात लागली, वर्षभर संगणकासमोर बसली आणि एक दिवस मॅडमना जाऊन म्हणाली की गाडी पडद्यावर चालवणं मला जमत नाही, मला खरी द्या. मॅडम म्हणजे कारखान्याच्या आखणी विभागाच्या प्रमुख. त्यांनी तिला चाचणीच्या मैदानावर पाठवलं. तिथे खडक, चर, चिखल, उतार असं सगळं मुद्दाम करून ठेवलेलं होतं, आणि नवीन गाडी त्यातून हाणून तिचं कुठे काय दुखतं ते सांगायचं हे छोटीचं काम होतं. ते ती इतकं छान करायची की काही दिवसांतच लोक दुप्पटरावांना "छोटीचे वडील" म्हणून ओळखू लागले. त्यांना अभिमान वाटायचा आणि धास्तीही. दोन्ही एकाच वेळी, आणि बहुतेक एकाच जागी.

आता गोष्ट सुरू होते ती इथे. कारखान्याने एक नवी गाडी काढली. दोघांपुरती, हलकी, उघडी, स्टिअरिंगला यंत्राची काही मदत नाही. जो काही जोर लावायचा तो हातांनी. तिच्या पुढच्या चाकांचा सांधा आखायचं काम दुप्पटरावांकडे आलं. या सांध्याला कारखान्यात लांबलचक नाव होतं, पण काम त्याचं मनगटाचं. चाकाला गाडीशी धरून ठेवायचं आणि तरी डावी-उजवीकडे वळू द्यायचं. त्याला एक सळई जोडलेली असते. चालवणाऱ्याने स्टिअरिंग फिरवलं की ती सळई सांध्याला ढकलते नाहीतर ओढते, आणि चाक वळतं. सळई गेली तर गाडी वळत नाही. सांधा गेला तर चाकच गाडीला रामराम ठोकून आपल्या वाटेने निघून जातं.

आणि ही गाडी जाणार होती दूरच्या एका पठारावर, अख्ख्या हंगामाच्या परीक्षेसाठी. नुसता दगड, कोरड्या नद्या, एक खिंड, आणि मदत यायची तर ती दोन दिवसांनी. चालवायला छोटीची निवड झाली होती, शेजारी बसायला एका मेकॅनिकची. सगळं तयार होतं. फक्त सांधा पास व्हायचा होता. सांधा पास झाला की गाडी जाणार, आणि गाडी गेली की छोटी जाणार.

हे नीट लक्षात घेतलं म्हणजे पुढचा प्रकार समजतो. आखलेला भाग खरोखर घडवण्याआधी संगणकावर त्याच्यावर जोर टाकून पाहतात. जिथे ताण कमी तिथे भाग पडद्यावर निळा दिसतो, जिथे जास्त तिथे लाल. बाकीच्या आखणीवाल्यांच्या तोंडचं पाणी लाल रंग बघून पळायचं. दुप्पटरावांचं उलटं होतं. सांधा निळा झाला की ते अस्वस्थ व्हायचे. उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे आणि एखादं नवं संकट घालायचे. चाक दगडावर आपटलं असं समजू. बरं, आपटलं तेव्हा वळत होतं असं समजू. वळताना तिने ब्रेक दाबला असं समजू. की झालाच सांधा लाल. मग दुप्पटराव समाधानाने श्वास सोडायचे आणि तो आणखी जाड करायला घ्यायचे. स्वतःच्याच भागाला इतक्या निष्ठेने नापास करणारा माणूस त्या कारखान्याने पाहिला नव्हता.

शेवटी मॅडमनी बोलावलं. त्या कमी बोलायच्या आणि बोलताना समोरच्या कागदावर चौकोन काढायच्या.

"सांधा कधी देताय?"

"अजून थोडं बघायचं आहे."

"काय बघायचं आहे?"

दुप्पटराव उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले.

"महिनाअखेरपर्यंत बघा," मॅडम म्हणाल्या. "तोवर झालं नाही तर बाहेरून तयार सांधा घेऊ. गाडी थांबणार नाही. छोटी जाईल ती जाईलच. तुमच्या सांध्यावर जाईल की कुणाच्या तरी, एवढंच ठरायचं आहे."

कुणाच्या तरी. हे दोन शब्द दुप्पटरावांच्या डोक्यात घरी पोचेपर्यंत वाजत राहिले. कुण्या परक्या माणसाने, ज्याने छोटीला पाहिलेलंही नाही, त्याने दीडपट धरून केलेला सांधा. त्या रात्री जेवताना ते इतके गप्प होते की बायकोने विचारलं, "तोंडाला कुलूप लावून किल्ली कुठे ठेवलीत?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आराखडा पुरा करून टाकला. सांधा घडून आला तो उचलायला दोघं लागले.

भाग मोडून बघायचं जे खातं होतं, त्याला सगळे मोडतोड खातं म्हणत आणि त्याच्या प्रमुखाला मोडतोडे. गोल चेहऱ्याचा, कानात कापसाचे बोळे घालून हिंडणारा गडी. लोकांच्या मेहनतीचे तुकडे करायचे आणि वर त्यांना चहा पाजायचा, यात त्याचं आयुष्य मजेत चाललं होतं. त्याने दुप्पटरावांचा सांधा यंत्रात आवळला आणि जोर वाढवत नेला. काटा चढत गेला. सांध्याने दाद दिली नाही. मोडतोड्याने आणखी जोर लावला. खाड्कन आवाज झाला, सगळे पुढे वाकले, आणि पाहतात तर यंत्राचाच बोल्ट तुटून कोपऱ्यात पडलेला. सांधा जागच्या जागी, जसाच्या तसा.

"दुप्पटराव, माझी सपशेल हार," मोडतोडे म्हणाला. "आता तुमचा सांधा मोडणारं यंत्र आखायला तुमच्याशिवाय कोण आहे?"

दुप्पटरावांनी खात्यात सगळ्यांना चहा दिला. घरी येऊन यंत्राच्या बोल्टची हकीकत बायकोला हातवारे करून सांगितली, आणि ती डोळे पुसेपर्यंत हसली. मोठा आनंदाचा दिवस होता तो. आनंदाचे दिवस जरा जपून वापरावेत, पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

गाडीला सांधे बसले, सळया बसल्या. त्याही अर्थात दुप्पट. छोटीने गाडी मैदानावर काढली. दुप्पटराव कुंपणापाशी उभे राहिले. पहिल्या फेरीतच त्यांना जाणवलं की चाकं काही धड बसत नाहीयेत. एका दगडावरून उतरलं की चाक उसळायचं, आणि जमिनीवर टेकून पकड घेण्याआधी पुढचा दगड यायचा. एवढा जड सांधा चाकाच्या गळ्यात बांधल्यावर चाकाने करायचं काय? छोटी खांद्यांतून जोर लावून स्टिअरिंग ओढत होती. गाडी वळायची, पण आढेवेढे घेत वळायची. तिसऱ्या फेरीत डावं चाक एका खडकाच्या कडेवर बसलं.

काही मोडलं नाही. तीच तर गंमत. खडकाने दिलेला तडाखा सांध्याने घेतला नाही, सळईनेही घेतला नाही. दोघं इतके ताठ, की त्यांनी तो प्रामाणिकपणे वर पोचता केला. स्टिअरिंगने सर्रकन उलटी गिरकी घेतली आणि छोटीचा हात पिरगाळला. ती जाणती चालवणारी, अंगठे स्टिअरिंगच्या चाकाच्या आत घालत नसे, म्हणून अंगठा राहिला. मनगट मात्र सुजून टम्म झालं. गाडी जराही न डगमगता उभी होती आणि आत बसलेली मुलगी एका हाताने दुसरा हात धरून दात आवळत होती.

दुप्पटराव कुंपण ओलांडून धावले. कुंपणाला दार होतं, ते दहा पावलांवर उघडंच होतं.

"काही नाही, मुरगळलंय," छोटी म्हणाली. मग बापाचा चेहरा बघून आणखी म्हणाली, "सांध्याला काहीसुद्धा झालं नाहीये, बाबा." ती हे धीर द्यायला म्हणाली होती. दुप्पटरावांना मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. अति तिथे माती ही म्हण त्यांनी शंभरदा ऐकली होती. माती आपल्याच लेकीच्या मनगटावर पडेल असं वाटलं नव्हतं.

घरी छोटीच्या हाताला पट्टी बांधून आई म्हणाली, "बघा, सगळ्या जगात मजबूत सांधा यांचा, आणि मुरगळला तो हिचा." नेहमीचा टोमणा, पण या वेळी दुप्पटराव हसले नाहीत. पट्टीची गाठ तिने दोनदा सोडून बांधली.

चहा झाल्यावर छोटी म्हणाली, "बाबा, तुम्ही जोर कुठले कुठले धरलेत ते मला दाखवा."

"तू पडून राहा."

"मनगट दुखतंय, डोळे नाही दुखत. दाखवा."

दुप्पटरावांनी संगणक उघडला. छोटी शेजारी स्टूल ओढून बसली आणि एकेक ओळ वाचू लागली. वाचता वाचता तिच्या भुवया चढत गेल्या.

"गाडी उंचावरून आदळतेय."

"हो."

"त्याच वेळी पूर्ण डावीकडे वळतेय."

"वळू शकते."

"त्याच वेळी ब्रेक पूर्ण दाबलाय. आणि त्याच वेळी बाजूने दगड लागलाय." तिने बापाकडे पाहिलं. "बरं, हे काय? चाक खड्ड्यात. म्हणजे चाक हवेतून खाली येतंय, खड्ड्यात अडकलंय आणि दगडावर आपटलंय, सगळं एका क्षणात?"

"संकटं काय सांगून येतात?"

"सांगून येत नाहीत, पण रांगेत येतात, बाबा. चाक एक आहे. ते एका वेळी एकाच ठिकाणी असणार. आणि हवेत असताना मी ब्रेक दाबला तर धरायला खाली जमीन नको?"

आता हे दुप्पटरावांना माहीत नव्हतं असं नाही. नव्याने लागलेल्या पोरांना ते स्वतः हेच शिकवायचे: एका वेळी जे घडू शकतं तेवढंच एकत्र धरा. बाकी कुठल्याही गाडीला त्यांनी दुप्पट धरलं तरी संकटं वेगवेगळीच धरली होती. या एका गाडीला मात्र त्यांनी जगातली सगळी संकटं एका मुहूर्तावर आमंत्रण देऊन बोलावली होती, आणि आपण असं केलंय हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

"सगळी वेगवेगळी आली तरी," ते हळूच म्हणाले, "आत तूच असतेस ना."

तिने आपला पट्टीचा हात बापाच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मला जायचंय, बाबा," ती म्हणाली. "तुमच्याच सांध्यावर जायचंय. पण हा नको. हा घातला तर गाडी वळायची नाही आणि मीच थकून एखाद्या दगडावर जाईन. मला वळणारा द्या."

"आणि तडाखा बसला तर?"

"बसणारच. कुणीतरी तो खायला हवा. आत्ता तो मी खाल्ला."

दुप्पटराव इतकं सरळ ऐकून थोडे चपापले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सळईने खावा. सांध्याने नको, हाताने नको. सळई वाकावी." हे वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकून त्यांना विचित्र वाटलं. आयुष्यभर काही वाकू नये, मोडू नये, निखळू नये म्हणून धडपडलेला माणूस, आणि तो एक भाग खास वाकण्यासाठी आखणार होता.

काम अवघड होतं. भक्कम करायला अक्कल लागत नाही, लोखंड लागतं. पण नेमकं कुठे आणि कितीवर नमायचं हे ठरवायला भरपूर अक्कल लागते. सळई फार हलकी केली तर साध्या धोंड्याला वाकून बसेल, जरा जड झाली की तडाखा पुन्हा वर. संकटांची त्यांनी नीट रांग लावली. दीडपट धरलं. "असू दे" म्हणायला हात तीनदा पुढे गेला, तीनदा त्यांनी तो खिशात घातला. सांध्याचं नको तिथलं मांस काढलं, ताण वाहतो तिथे ठेवलं, कोपरे गोल केले, कारण भेग नेहमी कोपऱ्यातून सुरू होते. पडद्यावर निळ्याच्या जोडीला पिवळं, नारिंगी दिसू लागलं. दुप्पटराव त्याकडे बघत मनाचा हिय्या करून बसून राहायचे. खिडकीपाशी जायचे नाहीत.

नवा सांधा आला तो त्यांनी एका हाताने उचलला आणि पटकन दुसरा हातही लावला.

मोडतोडे आधी खुशीत होता, पण दुप्पटरावांचा चेहरा बघून त्याने चहाची गोष्ट काढली नाही. सांध्याला आधी दिवसचे दिवस हेलकावे दिले, नुसतं इकडून तिकडे, इकडून तिकडे, कारण लोखंडही एका फटक्याने कमी आणि कंटाळ्याने जास्त मोडतं. मग सळई जोडून जोर वाढवायला घेतला. दुप्पटराव यंत्राच्या काचेला नाक लावून उभे. काटा त्यांनी ठरवलेल्या आकड्याशी आला आणि सळई वाकायला लागली. आवाज नाही, काही नाही, हळूहळू, शहाण्यासारखी. मोडतोड्याने यंत्र थांबवलं. सांध्यावर भेग दाखवणारा लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड मारली. बारीकशी भेग असती तरी पुडीवर लाल रेघ उमटली असती. दोघं भिंग घेऊन बघत बसले. पूड पांढरीच राहिली.

"तुमचा भाग माझ्या यंत्रात पहिल्यांदाच हरला," मोडतोडे म्हणाला. "अभिनंदन करू की सांत्वन?"

"दोन्ही करून ठेव," दुप्पटराव म्हणाले.

छोटीचं मनगट बरं झाल्यावर तिने नवे सांधे लावून गाडी मैदानावर फिरवली. गाडी तिच्या हाताखाली मांजरीसारखी वळत होती. उतरल्यावर ती नुसती हसली. दुप्पटराव आत गेले आणि सांधा पास केल्याची सही करून मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. सही एकदाच केली.

ती निघाली त्या सकाळी दुप्पटरावांनी जास्तीच्या सळया आणल्या होत्या, कागदात गुंडाळून. छोटीने त्या हातात तोलल्या, लागतील तेवढ्या घेतल्या आणि बाकीच्या परत दिल्या. आई दारात उभी होती. "दगडांना माझा नमस्कार सांग," ती म्हणाली, "आणि म्हणावं, आमच्या घरातला मोठा दगड आम्ही इथेच ठेवून घेतलाय." छोटी खळखळून हसत जिना उतरली. तिच्या त्या हसण्यावर दुप्पटरावांनी पहिले काही आठवडे काढले.

मग सुट्टीच्या एका दुपारी फोन वाजला. दुप्पटराव डगमगणाऱ्या खुर्चीचा पाय बसवत होते, बायको खिडकीत बसून स्वतःचा चष्मा पुसत होती. फोन मॅडमचा होता.

"गाडीची डावी सळई वाकलीय," त्या कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या. "खिंडीच्या तोंडाशी. छोटी ठीक आहे. थांबा, जोडून देते."

खरखर झाली आणि मग छोटीचा आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा. "बाबा, वाकली. तुम्ही म्हणाला होतात तशीच, मधोमध."

"आणि मनगट?"

"मनगटाला कळलंसुद्धा नाही. चाक जागेवर आहे. सळई बदलली आम्ही."

दुप्पटरावांनी खुर्चीचा पाय हातातून खाली ठेवला. जिवात जीव आला होता. पण मॅडम अजून फोनवर होत्या, आणि त्या उगाच थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"पुढे खिंड आहे," मॅडम म्हणाल्या. "एकदा आत शिरलं की पलीकडे निघेपर्यंत परत फिरता येत नाही. असा तडाखा खाल्लेल्या सांध्यावर पाठवायचं की इथूनच परत बोलवायचं, हे मी ठरवणार नाही. भाग तुमचा आहे. परत या म्हणालात तर आज संध्याकाळीच मागे फिरतील, आणि कुणी तुम्हाला नाव ठेवणार नाही."

छोटी काही बोलेना. ती मुद्दाम बोलत नव्हती, हे दुप्पटरावांना कळलं. परत या. एवढाच शब्द. एवढा म्हटला की चार दिवसांत ती दारात उभी असती, धुळीने माखलेली, थोडी रुसलेली, धडधाकट.

"लाल रंग लावून पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं. दोन्ही सांध्यांना."

"सळई जोडलीय तिथे, मुळाशी? गोल कोपऱ्यात?"

"तिथेच आधी पाहिलं. पूड पांढरी आहे, बाबा."

दुप्पटरावांनी मनातल्या मनात सगळी रांग पुन्हा तपासली. आदळणं, वळणं, ब्रेक, दगड. एकेकटं, आपापल्या जागी. सगळं बसत होतं. भीती सोडून दुसरं काहीच उरत नव्हतं, आणि भीतीला हिशेबात धरायला जागा नव्हती.

"मग जाऊ द्या," ते म्हणाले.

मॅडम बरं म्हणाल्या. छोटी म्हणाली, "येते, बाबा," आणि पुन्हा खरखर झाली आणि फोन बंद पडला.

ते वळले तेव्हा बायको त्यांच्याकडेच बघत होती. चष्मा हातात तसाच.

"परत बोलवता आली असती तिला?"

"आली असती."

"तुमच्या एका शब्दावर?"

"हो."

दुप्पटराव तिच्या शेजारी जाऊन बसले. "मला फार भीती वाटतेय गं," ते म्हणाले.

"मलाही," बायको म्हणाली. "ती मैदानावर गेली त्या पहिल्या दिवसापासून. त्याच्याही आधीपासून. तिने सायकल घेतली तेव्हापासून."

दुप्पटराव तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, मग एवढी वर्षं हसत होतीस ते?"

"दोघांनीही घाबरून कसं चाललं असतं? एकाने तरी हसायला नको?" तिने चष्मा बाजूला ठेवला. तिचा आवाज बदलला होता. "आज मला जमत नाहीये. आज जरा तुम्ही हसा."

आणि ती रडायला लागली. दुप्पटरावांनी तिचा हात धरला आणि हसायचा प्रयत्न केला. सवय नव्हती, म्हणून सुरुवातीला ते ठसका लागल्यासारखं वाटलं; पण तिच्यासाठी ते हसत राहिले.